झोन तर आला, आता केमिस्ट्री सोडू का?

प्रश्न: मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मातीतून वेगळ्या काढलेल्या बॅसिलस जातीच्या एका जिवाणूभोवती प्लेटवर मोठा झोन, म्हणजे दुसरे जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ, आला. तेव्हापासून जिवाणूंच्या जंतू मारणाऱ्या पेप्टाइडांवरच (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांवर) काम करायचं ठरवलंय. केमिस्ट्री मात्र जमत नाही, तिसऱ्या वर्षी सोडता येते. सोडू का? बाबा म्हणतात, यात नोकऱ्याच नाहीत.

उत्तर: केमिस्ट्री सोडू नकोस. पुढचं वाचायचा कंटाळा आला तर एवढंच वाचलंस तरी चालेल.

झोन दिसला की हरखून जायला होतं, मान्य. पण तो ‘इथे काहीतरी आहे’ एवढंच सांगतो. ते नुसतं आम्ल असेल, एन्झाइम असेल, किंवा कधीचंच सापडलेलं प्रतिजैविक. बहुतेकदा हे शेवटचंच निघतं. एक करून बघ. जिवाणू वाढवलेला ब्रॉथ (द्रव माध्यम) सेंट्रिफ्यूज कर, वरच्या निवळीचे दोन भाग कर, एकात प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) घाल आणि दोन्ही प्लेटवर लाव. प्रोटिएजवाल्या भागाचा झोन गेला, तर पदार्थ प्रथिन किंवा पेप्टाइड असण्याची शक्यता मोठी. नाही गेला तर? तरीही पेप्टाइड असू शकतं! ग्रॅमिसिडिन एस हे पेप्टाइड प्रतिजैविक म्हणजे दहा अमिनो आम्लांचं कडं आहे आणि त्यात डी प्रकारची, म्हणजे नेहमीच्या रूपाची आरशातली प्रतिमा असलेली, अमिनो आम्लंही आहेत. असल्या रेणूपुढे प्रोटिएजची डाळ सहसा शिजत नाही. आता हे कडं आणि हा डी प्रकार कुठल्या पेपरला शिकवतात, ते तुला ठाऊक आहे.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रने द्यूबो यांनी १९३९ मध्ये मातीतल्या बॅसिलसपासून टायरोथ्रिसिन हे पेप्टाइडांचं प्रतिजैविक मिळवलं. जंतू मरत होते, पण रक्तातल्या तांबड्या पेशीही फुटत होत्या. त्यामुळे ते वरून लावण्यापुरतंच उरलं. कॉलिस्टिन हे असंच जिवाणूंचं पेप्टाइड मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून मागे पडलं. दुसऱ्या औषधांना न जुमानणारे जंतू वाढले तेव्हा डॉक्टरांना पुन्हा त्याच्याकडे वळावं लागलं. डॅप्टोमायसिन या आणखी एका पेप्टाइडाला अमेरिकेत २००३ मध्ये मंजुरी मिळाली, पण न्यूमोनियात ते चालत नाही, कारण फुफ्फुसातला सर्फॅक्टंट (आतला स्निग्ध थर) त्याला निकामी करतो. झोन या सगळ्यांना आले होते. अडलं ते रेणूच्या स्वभावापाशी, म्हणजे केमिस्ट्रीपाशी.

बाबांचं म्हणणं निम्मं खरं आहे. नव्या प्रतिजैविकांच्या शोधातून बऱ्याच मोठ्या औषध कंपन्यांनी काढता पाय घेतलाय. खर्च अफाट आणि औषध वापरायचं ते जपून, मग विक्री कुठून होणार? पण शोध हे या क्षेत्राचं एक टोक झालं. फर्मेंटर (जिवाणू वाढवायच्या टाक्या) चालवणं, ब्रॉथमधून पदार्थ शुद्ध काढणं, बॅचची तपासणी, ही कामं आहेतच. बॅसिट्रॅसिन या पेप्टाइड प्रतिजैविकाची ताकद तर झोन मोजूनही तपासतात, म्हणजे तुझं प्रॅक्टिकल तिथे पगारी काम आहे. शेतीसाठी बॅसिलस सबटिलिसची जैविक बुरशीनाशकं बनतात. त्यातली इट्युरिनसारखी लिपोपेप्टाइडं (मेदाची शेपटी जोडलेली पेप्टाइडं) बुरशीच्या पेशीपटलाला भोकं पाडतात. मला विचारशील तर मी आधी या बाजूला चौकशी करीन. संशोधनच हवं असेल, तर पीएच.डी.ची वर्षं धरूनच हिशोब मांड आणि तो बाबांना आत्ताच सांग.

आणि हो, तो जिवाणू ग्लिसरॉल स्टॉक करून (ग्लिसरॉलमध्ये मिसळून) डीप फ्रीझरमध्ये ठेवलायस ना? नुसत्या स्लँटवर (नळीतल्या तिरप्या माध्यमावर) असेल तर उद्याच ते काम उरक. वारंवार सबकल्चर करत, म्हणजे ताज्या माध्यमावर हलवत राहिलं की पुष्कळ जिवाणू झोन देणंच बंद करतात.