बाळंतपणानंतर सव्वा महिना झाला, माहेराहून कोल्हापूरला परतले. नवऱ्याजवळ जायची भीती वाटते, काय करू?

सव्वा महिना झाला म्हणजे शरीर तयार झालंच असं नाही. आधी सहा आठवड्यांची तपासणी करा. टाके भरलेत का, अंगावरून जाणं थांबलंय का, हे डॉक्टर बघतील. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, त्यामुळे योनीत कोरडेपणा येतो आणि संबंधाच्या वेळी दुखतं. प्रेम आटलं म्हणून नव्हे, हे नवऱ्यालाही सांगा. मेडिकलमधून पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट, म्हणजे ओलावा देणारं जेल, आणा. खोबरेल नको, तेलानं कंडोम फाटतो. आणि पाळी आली नसली तरी दिवस राहू शकतात, तेव्हा कंडोम किंवा तांबी हवीच.

घाई कसली? बाळाला सासूबाईंकडे देऊन दोघं रंकाळ्यावर तासभर फिरून या. रात्री नुसतं कुशीत झोपलात तरी चालेल. पाजून झाल्यावरची वेळ बरी, छाती जड नसते. दुखलं की थांबा. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगा, लाजू नका.