सुरुवात मांजरपाटापासून कर

नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राची धुराडी आणि नागपूरच्या अंबाझरी तलावाचं पाणी कपड्यांच्या एकाच कलेक्शनमध्ये आणायची तुझी कल्पना मस्त आहे, सोडू नकोस. फक्त कुर्त्यावर धुराड्याचं चित्र छापलं की झालं, असं समजू नकोस. नवखे बहुतेक इथेच अडकतात. आधी रंग आणि पोत बघ: गंजलेल्या पत्र्याची कड, राखेचा करडा, फेब्रुवारी-मार्चमधला पळस.

सध्या एवढंच कर:

- नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारातून मांजरपाट (कोरं, जाडसर सुती कापड) घे. धुण्याचा सोडा घालून चांगला उकळ. खळ राहिली तर रंग डागाडागांनी चढतो आणि लोक दोष रंगाला देतात.
- हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवून वाळव. मग त्यात भंगारातले गंजके खिळे गुंडाळ आणि ओलं ठेव. हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड भेटलं की करडे-काळे ठसे उमटतात. जंगल आणि कारखाना एकाच सुतावर! मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. पण रात्रभर पुरे. लोखंड जास्त झालं की सूत कमजोर होतं, म्हणून नंतर खळखळून धू.
- पळसाचा पिवळा हवा असेल तर तुरटी लागेल. फुलं झाडाखालची वेच, फांद्या तोडू नकोस.

पहिला कपडा सरळ चौकोनी तुकड्यांचा शिव, कापड कमी वाया जातं. टसर रेशमाला इतक्यात हात लावू नकोस, महाग पडेल. आणि विकायच्या आधी प्रत्येक रंगाची एक पट्टी आठवडाभर गच्चीवर उन्हात, दुसरी कपाटात ठेवून दोन्ही ताडून बघ.