शौलाचं आंधळेपण ही शिक्षा होती का?

प्रश्न: २५ जानेवारीला संत पॉलच्या परिवर्तनाच्या सणाची मिस्सा होती. प्रवचनात फादर म्हणाले की देवाने शौलाला, म्हणजेच पॉलला, त्याच्या पापाची शिक्षा म्हणून आंधळं केलं. माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून दिसत नाही, तो माझ्या बाजूलाच बसला होता, घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. बायबलमध्ये खरंच असं लिहिलंय का?
– एक ताई, वसई

उत्तर: ताई, नाही लिहिलेलं. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, ९वा अध्याय काढा आणि भावाला मोठ्याने वाचून दाखवा, शौलाला शिक्षा झाली असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही. २२व्या अध्यायात तर पॉल स्वतःच्या तोंडाने सांगतो की भर दुपारी लख्ख प्रकाश पडला आणि त्या तेजामुळे मला दिसेनासं झालं, बस एवढंच. पुढे २६व्यात अग्रिप्पा राजासमोर तीच हकीकत सांगताना तो आंधळेपणाचा उल्लेखसुद्धा करत नाही. शिक्षा हाच मुद्दा असता तर त्याने तो गाळला असता का?

मला विचाराल तर सगळं त्याला दिसत नव्हतं त्या तीन दिवसांत आहे. हा माणूस दिमिष्काला, म्हणजे दमास्कसला, निघाला होता तो महायाजकाची पत्रं घेऊन, येशूच्या मागे जाणारे पुरुष असोत की बायका, बांधून यरुशलेमला आणायचे म्हणून, आणि त्याच गावात तो शिरतो तो दुसऱ्यांनी हात धरून नेलेला, डोळे उघडे पण दिसत काहीच नाही. नीट नावाच्या रस्त्यावर यहूदाच्या घरी पडून राहतो (तो रस्ता जुन्या दमास्कसमध्ये आजही आहे), खात नाही, पीत नाही, नुसती प्रार्थना. मग येतो हनन्या, त्याच गावातला येशूचा शिष्य. त्याला भीती वाटते आणि ती तो प्रभूला स्पष्ट बोलून दाखवतो, की या माणसाने तुझ्या लोकांना किती छळलंय ते मी ऐकलंय. तरी जातो, त्याच्या अंगावर हात ठेवतो आणि पहिली हाक मारतो ती ‘भाऊ’ अशी. ज्याला हा बांधून न्यायला आला होता तोच! मग डोळ्यांवरून खपल्यांसारखं काहीतरी पडतं, बाप्तिस्मा होतो, आणि तो जेवतो, अंगात ताकद येते. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने ते जेवणही लिहून ठेवलंय हे मला फार आवडतं.

आणि शौल असहाय झाला तो अचानक, प्रवासात, परक्या गावात. तुमच्या भावाचं तसं नाही ना, त्याला त्याचं घर, रस्ते, माणसं सगळं ओळखीचं आहे. दिसत नाही म्हणजे लाचार असं कुणी त्याला ऐकवू नये.

एक गोष्ट लपवणार नाही. १३व्या अध्यायात सायप्रसमधल्या पफे गावी अलीम जादूगार पॉलच्या शब्दाने आंधळा होतो, आणि ती शिक्षाच आहे. पण ती एका माणसाला, तीही काही काळापुरती. ती उचलून जन्मापासून न दिसणाऱ्यांना लावायची नाही, कारण एका जन्मांध माणसाला बघून नेमका तोच प्रश्न शिष्यांनी येशूला विचारला होता, योहानाच्या शुभवर्तमानाचा ९वा अध्याय बघा, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशू म्हणाला, यानेही नाही आणि त्यांनीही नाही.

फादरना मिस्सा झाल्यावर भेटा, हाच उतारा पुढे ठेवा. भावाची इच्छा असेल तर त्यालाही सोबत न्या, आणि प्रश्न त्यालाच विचारू दे.