एअर पिस्तुलासाठी हाताने घडवलेली लाकडी मूठ निवडताना काय पाहावं?
आधी हाताचं माप पाहा, अक्रोडाच्या लाकडाची नक्षी नंतर. डोळे मिटून पिस्तूल धरा, हात उचला, डोळे उघडा: पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) मागच्या खाचेत मधोमध दिसली तर मूठ तुमची. दरवेळी मनगट वळवून जुळवावं लागत असेल तर ती कितीही देखणी असो, सोडा. ट्रिगरवरचं बोट लाकडाला घासता कामा नये. शंका असेल तर किंचित मोठी घ्या. जास्तीचं लाकूड कानशीने उतरवता येतं, कमी पडलं की पुट्टी भरत बसावं लागतं. मात्र स्पर्धेत उतरणार असाल तर आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमाप्रमाणे मनगट मोकळं हवं, आणि मुठीसकट पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावायला हवं.