गावातल्या हायस्कूलसाठी पालकांनी काय करावं? सभेला कुणी येतच नाही.

सभा दुपारी ठेवली की गाडं तिथंच अडतं. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी असते, आयाबाया अंधार पडल्यावरच घरी येतात. रात्री आठला, पारावर घ्या.

काम एकच धरा: दहावीची अभ्यासिका. दिवाळीनंतर परीक्षेपर्यंत, रोज संध्याकाळी 7 ते 9, शाळेच्याच वर्गात. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी घ्या. पाळीनं दोन पालक बसवा, त्यात एक बाई हवीच, नाहीतर मुली येणं सोडतात. सुटल्यावर मुलींना घरापर्यंत पोचवणं हेही त्याच पाळीचं काम. शिकवता आलं नाही तरी चालतं. हजेरी लिहा, मोबाईल टोपलीत ठेवून घ्या. लाईट जाते, म्हणून चार्जिंगचे दोन दिवे ठेवा.

अभ्यासिका बंद पडते ती बहुतेक किल्लीपायी: शिपाई गावाला गेला की वर्ग उघडतच नाही. दुसरी किल्ली शेजारच्या घरी ठेवा.