आई साताऱ्याला, मी मेरीलँडला, आणि फॉर्म विचारतोय ‘संपर्क किती वेळा?’

हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतच असतो, शब्द वेगळे पण रडगाणं तेच. ‘ताई, मी आता इथला सिटिझन आहे, इथल्या सैन्याच्या रिझर्व्हमधे इंटेलिजन्स ऑफिसरसाठी अर्ज करायचाय, पण आई भारतात, सगळं गणगोत भारतात, मग मला दारात तरी उभं करतील का?’ मी अमेरिकेत समुपदेशक आहे, वकील नाही, हे आधीच सांगते. पण या प्रश्नाचा निम्मा भाग कायद्याचा असला तरी निम्मा झोप उडण्याचा असतो आणि तो माझ्या खुर्चीसमोर येऊन बसतो. त्यातलीच ही एक केस, त्याला विचारून लिहितेय, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

मुलगा छत्तिशीचा, डेटाचं काम करणारा, कोरेगाव तालुक्यातला. इंजिनिअरिंग करून आला, एच-वन, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप असा नेहमीचा रस्ता. त्याला नेव्ही रिझर्व्हमधे जायचं होतं, डायरेक्ट कमिशन म्हणतात ते, म्हणजे थेट ऑफिसर म्हणून भरती, आणि रिझर्व्ह म्हणजे नोकरी-संसार सांभाळून महिन्यातला एक वीकेंड आणि वर्षातले दोन आठवडे, ट्रेनिंगला न्यूपोर्ट आणि मग व्हर्जिनियात डॅम नेक. बोर्ड निवडतं, जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. पण त्याची भीती बोर्डाची नव्हतीच, त्याची भीती होती एसएफ-८६ ची. इंटेलिजन्सच्या माणसाला टॉप सीक्रेटच्याही वरची परवानगी लागते आणि त्यासाठी हा फॉर्म भरावा लागतो, छापला तर सव्वाशेच्या वर पानं.

पहिल्या भेटीत तो लॅपटॉपच घेऊन आला. स्क्रीनवर आईचं पान उघडं होतं. नाव, पत्ता, नागरिकत्व इथवर ठीक, मग संपर्क कसा आणि किती वेळा, रोज, आठवड्याला, महिन्याला, तिमाहीला, वर्षातून एकदा. आणि हा गप्प. मी म्हटलं काय झालं, तर म्हणे, ‘ताई, मी रोज फोन करतो आईला, ऑफिसला जाताना गाडीत बसलो की पहिला फोन तिला. पण रोज लिहिलं तर म्हणतील हा फारच चिकटलेला आहे तिकडे. आठवड्याला लिहू का?’

मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. बाबा गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या आईला रोज फोन करतो याची या पोराला लाज वाटायला लागली होती, फक्त एका ड्रॉपडाऊनमुळे.

आता हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक जण घसरतात. क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती बघायची ती परवानगी, द्यायची का नाही हे ठरवायला इथे अमेरिकेत तेरा कसोट्या आहेत, सध्याच्या २०१७ पासून लागू आहेत. त्यातली एक परदेशी प्रभावाची, म्हणजे तुमच्या माणसांच्या किंवा मालमत्तेच्या आडून कोणी तुमच्यावर दबाव आणू शकेल का हे बघणारी. आई परदेशात आहे एवढ्यावर दार बंद होत नाही. देश कुठला, नातं कसलं, ती माणसं तिकडच्या सरकारात कुठे आहेत का, आणि उद्या निवड करायची वेळ आली तर तुमची मुळं इथे किती खोल गेलीत, असं सगळं एकत्र धरून बघतात. पण दुसरी एक कसोटी आहे खरेपणाची, आणि तिथे लपवलेलं सापडलं की सगळंच अवघड. शिवाय त्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणजे आईला रोज फोन करणं हे समजावून सांगता येतं, पण ‘रोज’चं ‘आठवड्याला’ केलं तर ते कोणाला आणि कसं समजावणार?

त्याला मी एक गृहपाठ दिला. इथल्या संरक्षण खात्याचं जे सुनावणी कार्यालय आहे ते कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या क्लिअरन्सचे निकाल नावं काढून सगळ्यांसाठी खुले ठेवतं, त्यातले भारताशी संबंधित दहा वाच म्हटलं. वाचून आला तेव्हा जरा हलका झालेला. म्हणाला, ताई, निकालात भारताबद्दल दोन्ही लिहिलेलं असतं, लोकशाही आहे, संबंध चांगले आहेत हेही आणि दहशतवाद आहे, आर्थिक हेरगिरीची प्रकरणं झालीत हेही. काहींना मिळालंय, काहींना नाही, आणि नाही मिळालेल्यांत आई-वडलांपेक्षा लपवलेली खातीच जास्त नडलेली दिसतात. हा त्याच्या दहा निकालांचा हिशोब, नियम नव्हे, पण त्याच्या मनाला तेवढा पुरला.

मग खरी यादी बाहेर यायला लागली. आधी पुण्यातल्या बँकेत आईबरोबरचं जॉइंट खातं आणि एफडी. परदेशातल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेले की इथे वेगळा रिपोर्ट भरावा लागतो, तो याने एकाही वर्षी भरला नव्हता, माहीतच नव्हतं म्हणे. त्याला मी सरळ सीएकडे पिटाळलं, हे माझं काम नाही. मग सातबारा. वडील गेल्यावर वारस नोंद झाली आणि याचं नाव काका आणि चुलत भावांबरोबर सामाईकात लागलं, सगळी मिळून बत्तीस गुंठे. ‘एवढ्याशा तुकड्याचं काय लिहायचं, त्यात माझ्या वाट्याला ऊस लावला तर चार ओळी येतील!’ मी म्हटलं चार ओळी तर चार ओळी, पण परदेशातली जमीन विचारलीय ना, मग लिही, वारशाने आली म्हणून लिही, तुझा हिस्सा किती आणि साधारण किंमत किती तेही लिही. आईला महिन्याला पैसे पाठवतो तेही. तो प्रश्न तर ‘कधीही पाठवलेत का’ असाच आहे, फक्त गेल्या सात वर्षांचं सांगायची सवलत तिथे नाही.

चौथ्या भेटीत, वेळ संपायला पाच मिनिटं असताना (लोक खरी गोष्ट नेहमी तेव्हाच काढतात), म्हणाला, एक चुलत भाऊ पुण्यात डीआरडीओत, म्हणजे भारताच्या संरक्षण संशोधन संस्थेत आहे.

आता चुलत भाऊ हा फॉर्ममधल्या नातेवाईकांच्या यादीत येत नाही. तिथे आई-वडील, भावंडं, मुलं, सासू-सासरे वगैरे. हा नियम त्याने पाठ केला होता आणि त्याच्या आडोशाला बसला होता. पण पुढचा भाग असा आहे की गेल्या सात वर्षांत ज्या परदेशी माणसाशी तुमचा जवळचा किंवा सतत संबंध आहे, माया म्हणा, देणंघेणं म्हणा, तो लिहा. मी विचारलं, शेवटचं कधी बोललात? तर म्हणे काल, मॅच चालू होती ना. लहानपणी एकाच वाड्यात वाढलेले, एका ताटात जेवलेले. मी काहीच बोलले नाही. तोच म्हणाला, ‘म्हणजे लिहावं लागणार.’ इंग्रजीत कझिन म्हटलं की सगळे एका पोत्यात जातात, आपल्याकडे चुलत भाऊ म्हणजे भाऊच, आणि फॉर्मने विचारलं होतं ते नात्याचं नाव नव्हे, माया.

लिहिण्याआधी त्याने भावाला फोन करून सांगितलं, तुझं नाव देतोय बाबा. महिनाभर ज्याची धास्ती घेतली तो फोन दोन मिनिटांत संपला. भाऊ हसला आणि म्हणाला, ‘दे की, कामाचं आपण आजवर कधी बोललोय का, आमच्याकडेपण असलेच फॉर्म असतात.’ आणि मग परत मॅच.

एक प्रश्न त्याने फार संकोचत विचारला, मी तुमच्याकडे येतो हे लिहावं लागेल का? हा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत आणि घाबरून समुपदेशनच सोडून देतात, म्हणून इथे लिहिते. मानसिक आरोग्याचे प्रश्न फॉर्ममधे आहेत, पण ते कोर्टाचे आदेश, हॉस्पिटलमधे भरती, काही ठराविक गंभीर आजार, निर्णयशक्तीवर परिणाम अशा गोष्टींबद्दल. ताण आला म्हणून कोणाशी बोललात एवढ्यावरून वाईट निष्कर्ष काढायचा नाही असं त्या कसोट्यांमधेच लिहिलेलं आहे.

सगळ्यात जड मात्र फॉर्ममधे नव्हतंच, ते ओसीआय कार्डात होतं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येता यावं म्हणून मिळतं ते. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे हे त्याला माहीत होतं, पण परदेशी सैन्यात असलेल्याला किंवा तिथून निवृत्त झालेल्याला ओसीआय मिळत नाही हे भारताच्या बाजूच्या नियमांत लिहिलंय, ते त्याने वाचलं नव्हतं. कार्ड आधीचं असलं तरी मनात ते गेलं असंच धरून चाल, आणि वकिलाला विचार, म्हटलं. त्या दिवशी तो तासभर फक्त याच्यावर बोलला. ऑफिसर झाल्यावर परदेशी जायचं तर आधी कळवायला लागतं, वर व्हिसा, आणि रात्री दोनला साताऱ्याहून फोन आला की आई पडली, तर? बाबांच्या वेळी तो दुसऱ्या दिवशीच्या विमानात होता तरी उशीरच झाला होता. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं आणि मी ते दिलंही नाही, कारण निवड त्याचीच होती. माझं मत विचाराल तर लोक नको त्या गोष्टीला घाबरतात. इथलं सैन्य नाकारेल का याची चिंता करत बसतात आणि त्यांनी घेतलं तर आपलं काय जाईल याचा हिशोबच मांडत नाहीत. त्याने मांडला, बायकोबरोबर बसून, दोन महिने घेतले. मग आईला सांगितलं. आई म्हणाली, ‘बंदूक चालवायची का?’ हा म्हणाला नाही, बहुतेक कागदच वाचायचेत. ‘मग इतकी वर्षं वेगळं काय करतोयस?’

अर्ज गेला. पहिल्या बोर्डात निवड झाली नाही, त्याचा आईशी काही संबंध नव्हता, ती पायरी अजून आलीच नव्हती. दुसऱ्या बोर्डात झाली. आता चौकशी चालू आहे, तपास अधिकाऱ्याशी बोलणं झालंय, आणि किती लागेल ते लागेल.

परवा त्याचा मेसेज आला. अधिकाऱ्याने आईच्या जन्मतारखेवर बोट ठेवलं होतं, पासपोर्टवर १ जून १९५९ आणि खालच्या रकान्यात याने प्रामाणिकपणे लिहिलेलं, ‘ही शाळेत घातलेली तारीख आहे, खरी माहीत नाही.’ तेव्हा गुरुजी दिसेल त्या पोराला १ जून लावून टाकायचे हे त्या अमेरिकन माणसाला समजावता समजावता याला घाम फुटला. घरी येऊन आईला फोन केला, खरी तारीख सांग. ती म्हणाली, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते, आणि आषाढातली आहे एवढं आजी सांगायची. पुढचं तू काढ, तुमच्याकडे कंप्युटर आहेत ना.’ मेसेजच्या शेवटी त्याने विचारलं होतं, ताई, १९६० सालचं पंचांग कुठे मिळेल?