रेसलिंग गेममध्ये रिअॅलिझम महत्त्वाचा की गेमप्ले?

माझ्या मते गेमप्ले, पण आधी रिअॅलिझम कशाला म्हणायचं ते बघा. प्रो रेसलिंगमध्ये निकाल आधीच ठरलेला असतो. तिथे खरं वाटायला हवं ते मॅचचं चढत जाणं: आधी साधे डाव, मग मोठे, शेवटी फिनिशर, म्हणजे मॅच संपवणारा खास डाव.

२००० साली निन्टेन्डो ६४ या गेम कन्सोलवर आलेला 'नो मर्सी' हा गेम हेच अचूक पकडतो. बटण हलकं दाबलं की साधी पकड, दाबून धरलं की जोरदार पकड. जोरदार पकड घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे समोरचा ताजातवाना असताना ती घाई अंगाशी येते. चेहरे ओबडधोबड, बोटंसुद्धा धड दिसत नाहीत, पण मॅच टीव्हीवरच्यासारखी रंगते. जपानी 'फायर प्रो रेसलिंग'चंही तसंच: सुरुवातीलाच मोठा डाव टाकायला गेलात तर प्रतिस्पर्धी तो उलटवतो.

याउलट 'डब्ल्यूडब्ल्यूई २के१५'. घामाचे थेंब, टॅटू, सगळं हुबेहूब. पण मॅचच्या सुरुवातीच्या झटापटीत 'दगड-कागद-कात्री'सारखा मिनीगेम पुन्हा पुन्हा खेळावा लागतो आणि स्टॅमिना संपला की आपला रेसलर अगदी मंदावतो. दमणं खरं असेल, पण हातात कंट्रोलर धरून नुसतं थांबायचं यात मजा कसली?

नव्याने सुरू करणार असाल तर 'डब्ल्यूडब्ल्यूई २के२२' किंवा त्यानंतरचा भाग घ्या. कॉम्बो, म्हणजे बटणं पटापट दाबून एकामागोमाग एक मारायचे फटके, आल्याने वेग वाढलाय. शक्य असेल तर मित्राला शेजारी बसवून खेळा, कॉम्प्युटरविरुद्ध ती रंगत येत नाही.